मानस

उधाणाच्या रात्री फळी गाळात अडकली.
दात आवळून दोन्ही हातांनी उपसली
आणि उजव्या कानात काहीतरी टचकन् तुटलं,
वाळली शेंग फुटावी तेवढंच.
फळी वर आली. खाजनातलं पाणी उतरून गेलं.
उजवीकडची रात्र मात्र तिथंच राहिली, बंद.

चोडणला मी मानस सांभाळतो.
मानस म्हणजे मन नव्हे, डॉक्टर लुर्दिनाबाईंना सांगितलं,
बांधातलं लाकडी दार.
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं.
त्याच्यापाशी झोपायचं ते कान उघडे ठेवून.
खेकडा करंगळीएवढं भोक पाडतो,
पहाटेपर्यंत तिथून बैल जाईल.
पण त्याआधी पाणी बोलतं, बारीक,
जिभेखाली शीळ धरल्यासारखं.
दोन कानांनी मी जागा काढायचो:
सातव्या माडाच्या अलीकडे, की पलीकडे.
आता ऐकू येतं, पण कुठून ते कळत नाही.
सगळं पाणी डावीकडे.

त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, तुमच्या कानातही आहे तसलं दार,
तांदळाच्या दाण्याहून लहान, गोल.
पलीकडे पाणी, अलीकडे हवा.
जोर लावताना फुटलं असेल.
असेल.
दहा दिवसांच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या,
कपाळावर टेकवलेला काटा डावीकडेच वाजत होता.
उघडून बघू, त्या म्हणाल्या.
आणि उघडून काही दिसलंच नाही तर, शेवंतीने विचारलं.
त्यांनी सहीचा कागद पुढे केला.

बांबोळीला, जागेपणीच.
मान वळवलेली, तोंडावर हिरवं कापड,
कापडाखाली माझाच गरम श्वास.
बहिऱ्या कानातली खरवड
हाडातून डाव्या कानाला पोचत होती,
शेजारच्या घरात कुणी तवा घासावा तशी.
पडदा उचलला, केळीच्या पानाचं टोक उलटावं तसा.
हातोडी, ऐरण, रिकीब,
शिकाऊ मुलाला त्या नावं सांगत होत्या.
डोक्यात एवढी हत्यारं,
आणि मी जन्मभर एक कोयता वापरला.

मग टेबल डोक्याकडून खाली कललं.
श्वास कोंडा. जोर लावा.
लावला. तोच जोर, तीच फळी.
त्या दुर्बिणीला डोळे लावून वाट बघत राहिल्या.
बांधावर मीही असाच बसतो,
एका ओल्या डागावर बॅटरी धरून,
दव की गळती, दव की गळती.
पुन्हा, त्या म्हणाल्या.
पुन्हा.
मग बराच वेळ काही नाही.
दिसत नाही, त्या म्हणाल्या.
मग, मॅडम? शिकाऊ मुलगा.
कानामागून कापून घेतलेला माझाच तुकडा,
भिजल्या कागदाच्या कपट्याएवढा,
त्यांनी खिडकीवर बसवला.
बरोबर केलं.
शंका आली की आम्हीही चिखल थापतो,
पाण्याकडे साक्ष मागत नाही.

महिनाभर वजन नको. नाक शिंकरायचं नाही,
शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून.
फळ्या आता भाचा रोहिदास उचलतो,
उचलताना मोबाइलवर गाणी लावतो.
मी काही बोललो नाही.

तपासणीच्या कागदावर
डाव्या कानाची रेघ बांधासारखी सरळ,
उजव्याची तिसऱ्या चौकटीनंतर ढासळलेली.
जाड आवाज थोडे परतलेत, डॉक्टर म्हणाल्या.
बारीक येतील, न येतील.
गळती बारीक आवाजात बोलते,
हे त्यांना पुन्हा सांगितलं नाही.

रात्री चांगला कान उशीत दाबून पडतो.
रायबंदरच्या बाजूला फेरीबोटीचं इंजिन,
किंवा तेही माझंच रक्त.
शेवंती अंधारात काहीतरी विचारते.
शब्द येत नाहीत.
विचारलं, एवढं पोचतं.
हूं, म्हणतो.