पन्नास फुटांवरून

मायनॉटच्या पश्चिमेला, सकाळी सात दहाला,
वजनकाट्याच्या पिवळ्या दिव्यानं मला बाजूला ओढलं.
मागे ट्रेलर. त्यावर दोनशे लाकडी खांब,
काटेरी तारेची भेंडोळी
आणि खड्डे पाडायचं यंत्र, ज्याला बाबा ‘पोरगी’ म्हणायचे.
मला, कामावर असताना, ‘ए’.

लाफ्रांबोआज नावाचा अधिकारी
ट्रेलरच्या मानेखाली वाकला. त्याचे गुडघे कुरकुरले.
साखळ्या फुलीत ओवल्यात का, बघत होता.
सरळ लावल्या, तर जू निसटल्यावर
ट्रेलरची मान रस्त्यात रुतते.
फुली असली तर मान तिच्यात पडते, झोळीत पडावी तशी,
लोंबकळते, आणि तेवढ्यात गाडी कडेला घेता येते.
कायद्यात हे एका ओळीत आहे.
आमच्या घरी शिकायला बाबांची तीन बोटं लागली.

मग ती बारीक तार आणि पिन.
सगळंच तुटलं, साखळ्यासुद्धा,
तर पिन उपटली जाते
आणि ट्रेलर आपला आपण ब्रेक आवळतो.
साथ सुटल्यावर थांबायचं कसं
हे आधीच त्याच्या पदरात बांधून दिलेलं असतं.
त्यानं पिन ओढली. चाकांनी दात खाल्ले.
बॅटरी मी गेल्याच महिन्यात बदलली होती.
त्याआधी अकरा वर्षं ती मेलेली होती,
आणि अकरा वर्षं देवावर हवाला ठेवून
आम्ही शाळेच्या बसमागून जात होतो.
हे मी त्याला सांगितलं नाही.

काट्याचा आकडा: तेरा हजार आठशे चाळीस पौंड.
ट्रेलरच्या पत्र्यावर कोरलंय, चौदा हजार.
एकशेसाठांनी वाचले.
माझं वजन साधारण तेवढंच आहे,
आणि मी पुढं ट्रकमध्ये बसले होते.

आग विझवायचं नळकांडं. तीन त्रिकोण.
डॉक्टरांचं कार्ड, ज्यावर मी अजून दोन वर्षं धडधाकट आहे.
सगळं जागच्या जागी.
तो जायला वळला आणि दारापाशी थबकला.
‘क्विस्टाड अँड सन,’ त्यानं वाचलं.
हातातल्या कागदावर: मार्लिस क्विस्टाड, कुंपणकाम.
‘सन कोण?’
डॅरल, म्हटलं. शहाण्णव साली टूसॉनला गेला,
पोहण्याच्या तलावांचे पंप विकतो.
तो हसला नाही. म्हणाला, धंदा ज्याचा
त्याचं नाव दारावर हवं.
उजेडी, पन्नास फुटांवरून वाचता आलं पाहिजे.
दंड नाही. पंधरा दिवस.

रात्री गॅरेजमध्ये केस वाळवायचं यंत्र लावून
एकेक अक्षर ऊन करत गेले.
‘सन’ सहज निघालं, जणू वाटच बघत होतं.
‘अँड’नं नख मोडलं.
मध्येच डॅरलचा फोन आला, तिकडं अजून पोहतात म्हणाला.
इकडं शून्याखाली अकरा, मी म्हटलं,
आणि दुसरं काही म्हटलं नाही.

सकाळी नवी अक्षरं चिकटवली, दोन इंची, पांढरी,
‘मार्लिस’ किंचित वर चढलेलं.
कुंपणाची टेप घेतली, एक टोक दाराला अडकवलं
आणि बर्फातून उलटी चालत गेले,
गॅसच्या टाकीपलीकडं, जिथं कुत्रा पुरलाय तिथवर.
पन्नास.
मान वर केली. वाचता आलं.

ऊन तिरपं होतं.
माझ्या नावामागं जुन्या अक्षरांचे ठसेही दिसत होते,
जिथं रंगाला पंचवीस वर्षं ऊन लागलेलं नाही
तिथं गडद निळे.
ठशांबद्दल नियमात काही नाही.
मी दोनदा वाचून पाहिलं.

‘दुरुस्ती झाली’च्या चौकोनात खूण केली.
आमच्याकडं अशा ठिकाणी फुलीच मारतात.
मग ट्रेलर जोडला.