पेवाचा घसारा

सात वीसचा तास.
बाकावर कुणीतरी कर्कटकानं कोरून ठेवलंय :
'नावे बाजू खिडकीकडची.'
तीन वर्षं मी तेवढ्यावरच पास होत आलेय.

कित्तूर मॅडम फळ्यावर एक आडवी रेघ मारतात,
तिच्या पोटातून एक उभी,
आणि जे काही आहे ते दोन्हीकडं वाटून टाकतात.
येईल ते नावे. जाईल ते जमा.
घरी सांगितलं तर आई म्हणाली,
"उलटंच की गं. गेलेलं जमा कसं?"
ती यार्डात हळद निवडते, तिला जमा ठाऊक आहे.
मला समजावता आलं नाही.
परीक्षेत मात्र पाचपैकी पाच.

आज घसारा.
यंत्र झिजतं, टेबल झिजतं, गाडी तर उभ्या उभ्या झिजते.
जमिनीवर घसारा नाही,
जमीन झिजत नाही, असं मॅडम म्हणाल्या,
आणि यास्मिन मुजावरनं त्याखाली दोन रेघा ओढल्या.
मी हात वर केला.
"आणि पेवावर, मॅडम?"

मागची पोरं हसली. विश्रामबागच्यांना पेव म्हणजे काय ते माहीत नाही.

हरिपूरला आमची अडीच गुंठे आहे, तीत चार पेवं.
तोंड माणूस उतरेल एवढंच,
पोट खाली पसरत गेलेलं, वीस फूट,
बाजूंना उसाचा पाला, आत दुसऱ्याची हळद.
पावती बाजारात या हातातून त्या हातात जायची,
हळद जागची हलायची नाही.
आप्पाला अक्षर येत नव्हतं.
तो फरशीवर कोळशानं रेघा मारायचा, चार उभ्या, पाचवी तिरकी,
आणि त्याची तेरीज, म्हणे, कधी चुकली नाही.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा दोरीनं.
"विझला तर थांबायचं. खाली हवा न्हाई."

मॅडम डस्टर हातात घेऊन उभ्या.
"जमिनीतच धर," म्हणाल्या.
मग म्हणाल्या, "पण खड्डा म्हणजे जमीन नसणं.
नसण्यावर घसारा..."
घंटा झाली.

सायकल स्टँडवर गाठलं त्यांनी मला.
"आहेत अजून ती?"
दोन बुजवली. एकावर भावकीनं गाळा काढलाय, झेरॉक्सचा.
"आणि चौथं?"
चौथ्यात पाच सालच्या पुराचं पाणी गेलं होतं.
त्यानंतर कुणी उघडलं नाही.
हळद कुणाची होती, पावती कुणाकडं,
आप्पालाच माहीत. तो गेला.
त्या मान हलवत बराच वेळ किल्ली शोधत राहिल्या,
किल्ली हातातच होती.

दुपारी वखार भागात गुरव सरांच्या ऑफिसात
मी एका टायरवाल्याची खाती लावते.
तीनशे चाळीसचा फरक निघाला.
"निलंबित खात्यात टाक," सर म्हणाले, "मार्चपर्यंत सापडतो."
टाकला. दोन्ही बाजू सारख्या झाल्या.
जुळलं म्हणजे बरोबर असतं असं नाही,
हेही आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय :
जी नोंद मुळात केलीच नाही
ती तेरजेत दिसत नाही.

संध्याकाळी मी चौथ्याची फरशी जरा सरकवली.
थंड, आंबूस, आणि कुठंतरी अजून हळद.
मोबाईलचा टॉर्च दोरीला बांधून सोडला.
तो गेला खाली, अगदी तळापर्यंत,
स्वच्छ जळत.
तो विझणारच नव्हता.
म्हणून त्यानं मला काही सांगितलंही नाही.

कंदील कुठाय, विचारलं तर आई म्हणाली,
भंगारात दिला, गेल्या दिवाळीला. वीस रुपये आले.

रात्री वहीत एक पान आखलं.
पेव क्र. ४.
नावे बाजूला लिहिलं : पाणी.
जमा बाजूला : आप्पा, कंदील.
रकमेचे रकाने मोकळे.
आईनं वाचलं, पान उलटायला हात लावला,
कोपऱ्यावर पिवळं बोट उठलं.
"आता बरोबर वाटतंय," म्हणाली.

उद्या सात वीसला वह्या तपासायला द्यायच्या आहेत.