ठिपके

रुमेवाडी क्रॉसजवळच्या आमच्या प्रेसचा
ॲडमिन पासवर्ड
मीच ठेवलेला, मीच विसरलो.
बाहेर बाकावर नवऱ्याचा मावसा.
पत्रिका दोन्ही लिपीत, उद्या दुपारपर्यंत;
नवरी बैलहोंगलची.

बायकोचं माहेर टाकून पाहिलं,
विकलेल्या लुनाचा नंबर,
मेलेल्या कुत्र्याचं नाव.
ठिपके निमूट उमटायचे
आणि पुसले जायचे.

इराण्णा आला. पेन ड्राइव्ह खिशातच ठेवून म्हणाला,
"डोक्याला विचारू नको, बोटांना विचार की."
बोटांनी आईचं नाव मारलं.
चुकीचा.
मग त्यानं कोपऱ्यातली बारकी खूण दाबली,
मराठीची कन्नड झाली.
"हां, आता परत तेच."

तीच बटणं.
क जिथं मराठीत, तिथंच कन्नडात.
उघडलं.

म्हणजे त्या रात्री
कुणाची तरी कन्नड पत्रिका जुळवता जुळवता
आईला मी ठेवून दिलेलं
ज्या अक्षरांत अजून
बोट ठेवून वाचतो, त्यात.
आणि ठिपक्यांवरून
काही कळलं नव्हतं.

इराण्णानं पैसे नाही, चहा घेतला.
मावसा आत डोकावला,
"वर कुठली लिपी घेताय?"
प्रिंटर तापायला वेळ लागतो, म्हणालो.