तिसरा हिस्सा

कोपरखैरण्याचा केमिस्ट आता
माझा आवाज ऐकूनच म्हणतो, "नाही आली."
चौथा डोस. तीन आठवडे उशीर.

रबाळ्याच्या रंगखात्यात एकतीस वर्षं.
हात धुतले की मोरीतून
कधी जांभळं पाणी जायचं, कधी केशरी.
लाल गेलं तेव्हा
तो रंग माझाच, हे कळायला
दोन दिवस लागले.

आज डॉक्टरीणबाईंनी एक कुपी तिघांत वाटली:
मी, तळोज्याचे भगत, कळव्याच्या शकीलाबी.
एवढ्याने भागेल का,
कुणीच विचारलं नाही.

आता घरी दोन तास धरून ठेवायचं.
दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची.
कुमुद घड्याळ बघून सांगते, "वळा."
चाळीस वर्षांत तिचं इतकं
ऐकलं नव्हतं मी.

डाव्या दंडावर शाळेतला व्रण आहे,
नाण्याएवढा.
हीच लस. तेव्हा फुकट होती,
पेटी भरभरून आली होती,
आणि मी मुतारीत लपून बसलो होतो,
गुरुजींनी कान धरून काढेपर्यंत.

अजून चाळीस मिनिटं.
भगतांचा मेसेज येतो:
मला जोराची लागलीय. तुम्हाला?

मी पोटावर पडल्या पडल्या
एका बोटाने लिहितो:
धरा.