काटा कुठे असतो

ग्रिम्सबीत मंगळवारी संध्याकाळी
वाचनालयाच्या वरच्या खोलीत हीटर खोकत असतो
आणि मोरीन हॅक्सबी फळ्यावर वाक्य लिहिते.
तीस वर्षं गोदीवर हॅडक चिरला तिने,
बोटांचा वास अजून जात नाही, स्वतःच सांगते,
आणि मार्कर धरते सुरीसारखा.

रन आउट ऑफ.
(क्रिकेटमधलं नव्हे.)
बाई धावत घराबाहेर पडली: इथे आउटनंतर चीर द्यायची.
बाईकडचं दूध संपलं: इथे तिन्ही शब्द
एकाच कण्याचे. इथे सुरी लावायची नाही.

तेवोल्दे रात्रपाळीला बर्फाच्या कारखान्यात असतो.
तो विचारतो, "मग दुधातून धावलं कोण?"
कुणी हसत नाही.
खरंच, संपणं म्हणजे तेच असेल,
बाटली जागच्या जागी
आणि धावत धावत आपणच तिच्याबाहेर,
रस्त्यावर, चपला न घालता.

कम अप विथ.
पोरगा तळघरातून वर आला, हातात कंदील.
पोराला युक्ती सुचली.
शब्द तेच, फक्त कंदील आता डोक्यात.
"ऐकणाऱ्याला कसं कळतं?"
"कळतं रे. थंडी कळते तसं."

डांगुओले सहसा बोलत नाही.
आज तिने वही पुढे सरकवली. एकच ओळ:
ही वॉक्ड आउट ऑन मी.
शब्दांमध्ये पेन्सिलीच्या चिरा,
खोडलेल्या, पुन्हा मारलेल्या, कागद फाटेस्तोवर.

"वॉक्ड समजतं. मी बघत होते,
निळं जॅकेट, काखेत टोस्टर.
आउट समजतं. दार होतं.
आमच्या भाषेत आउट आधीच चिकटतो, क्रियापदाच्या तोंडाला,
माणूस निघायच्या आत कळतं.
पण हा ऑन?
टेबलावर कप असतो, ऑन.
भिंतीवर घड्याळ, ऑन.
तो गेला ना?
मग माझ्यावर काय ठेवून गेला?"

हीटर नेमका तेव्हाच गप्प.
सोळाव्या पानावर यादी आहे,
विथ, टू, ऑफ, ऑन, वर सूचना: पाठ करा.
मोरीन पुस्तक मिटते.
"माझी व्हॅन हमरस्त्यात मेली," ती म्हणते. "ऑन मी.
केक ओव्हनमध्ये बसला. ऑन मी.
रॉनी, पाच वर्षांपूर्वी, नाताळच्या आठवड्यात.
ऑन मी.
तो शब्द जागा सांगत नाही गं.
घडलं ते कुणाच्या अंगावर पडलं, तेवढं सांगतो."

डांगुओले वही ओढून घेते.
नव्या चिरा मारत नाही.
ऑनवर पेन्सिल फिरवत राहते,
ओ काळा होत होत
भरून जातो.

नऊला बस येते.
"गेटिंग ऑन, लव्ह?" ड्रायव्हर ओरडतो.
ती एक पाय पायरीवर ठेवून थबकते.
चढणं.
वय होत जाणं.
कुणाशी जमणं, पण त्याला विथ लागतो
आणि विथच्या पुढे माणूस.
मागे रांगेत एक म्हातारा, कुत्रं, तेवोल्देची शिट्टी.

"येस," ती म्हणते, आणि चढते.
पर्स उलटी करते. एक बटण, एक किल्ली,
गृहपाठाची घडी: गाळलेल्या दहा जागा भरा.
सुटी नाणी नाहीत.
"आय हॅव रन आउट ऑफ," ती म्हणते,
एका दमात, कुठेही न चिरता,
आणि थांबते.

ड्रायव्हर पुढच्या शब्दाची वाट बघतो.