उजेड धरणारी

मंगळवारी सुट्टी टाकून आम्ही पाचजण
सांगलीच्या हळदीच्या यार्डात, सौद्याच्या आधी.
एकाच पोत्यावर पाच कॅमेरे,
जशी काही हळद पळूनच जाणार होती.

मुजावर म्हणाला, 'असं नाही जमायचं,
कुणीतरी उजेड धरा.'
माझीच बॅटरी मेलेली.
टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घेऊन
मी उभी राहिले गौराक्कांच्या डाव्या अंगाला.
'वर घे. जरा खाली. आता हलू नको.'

गौराक्का हळकुंड मोडून बघायच्या,
कट्.
वाळलंय का ते आवाजावरनं कळतं म्हणे.
हातात कॅमेरा असता
तर मला हे ऐकूच आलं नसतं.

मग चहाच्या गाड्यावर चार पडदे फिरले.
मुजावरनं नुसती उडती धूळ टिपलेली,
शैलानं नखं.
चौगुलेनं गौराक्का घेतल्याच नव्हत्या,
पोत्याखाली सरकवलेली त्यांची चप्पल घेतली होती.
तासभर तिच्याशेजारी उभी होते मी.

आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात माझं कोपर.
'कापून टाकू,' म्हणाले.
एकात तरी राहू दे, मी म्हटलं.

थर्माकोल दाराआड ठेवलाय,
एका बाजूनं पिवळा.
पुढच्या खेपेला चौगुलेची पाळी.