उशी

लिकोमा बेटावर एस्नात
रोज सहा घरी पेज पोचवते,
जखमा धुते, चादरी पिळते.
स्वतःचं जेवण उभ्यानंच,
पातेल्याला धरलेली खरवड.

रविवारी पाद्रीबाबांनी वादळाची गोष्ट सांगितली.
सरोवरावरची माणसं ही, वादळ त्यांना नवं नाही.
तिच्या मनात मात्र एकच शब्द अडकला:
उशी.

म्हणजे होडी पाण्यानं भरत होती
आणि त्याच्या डोक्याखाली
उशी होती.
कुणीतरी दिली असेल.
त्यानं नको म्हटलं नाही.

दुपारी दार वाजलं.
"म्हाताऱ्या फायसनला पेज हवीय."
"चुलीवर आहे. आज तू ने, बाळा,"
ती पडल्या पडल्या म्हणाली,
आणि कमरेचं चितेंजे सोडून, घडी घालून
मानेखाली सारलं.

बाहेर लाटा गाजत होत्या.
गाजू देत.